बारावी आर्ट्स झाली, आता सिस्टर होता येईल?

प्रश्न : मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकवतो. आमची एक कोरकू विद्यार्थिनी यंदा आर्ट्समधून बारावी झाली. तिला सिस्टर व्हायचंय. एका संस्थेचा माणूस ‘एका वर्षात नर्स करतो’ असं घरी सांगून गेला. फीसाठी वडील बैलजोडी विकायला निघालेत. आर्ट्सवर नर्सिंगला जाता येतं का? तिचं इंग्रजीही कच्चं आहे.
– एक शिक्षक

उत्तर : सर, आधी बैल थांबवा. बाकीचं मग.

एका वर्षात कुणी नर्स होत नाही. सगळ्यात लहान कोर्स एएनएमचा, म्हणजे गावच्या उपकेंद्रावरच्या सिस्टरचा, तोही दोन वर्षांचा. त्या माणसाला एवढंच विचारा : कोर्स झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदलं जातं का? तो ‘सर्टिफिकेट देतो, नोकरी लावून देतो’ असं म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. अशा कोर्सच्या मुली मी पाहिल्यात. खासगी दवाखान्यात सलाईन लावतात, रात्रपाळ्या करतात, आणि सरकारी भरती निघाली की अर्जसुद्धा भरता येत नाही.

आर्ट्स चालतं. बारावीला इंग्रजी विषय मात्र हवा. एएनएम फक्त मुलींसाठी, वय 17 पूर्ण हवं. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा. बायॉलॉजी लागतं ते चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला. पण जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करून तीही पदवी मिळते. मार्क असतील तर मी जीएनएमच सांगेन.

खरी अडचण इंग्रजीची नाही, जात वैधता प्रमाणपत्राची (व्हॅलिडिटीची) आहे. राखीव जागेच्या यादीत नाव लागतं आणि व्हॅलिडिटी नाही म्हणून जागा हातची जाते. वडिलांकडच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर काम पुष्कळ सोपं. नसेल तर 1950 च्या आधीचा जमातीचा पुरावा शोधायचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर दाखला कुठला? मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहायच्या. हे काम बापाला एकट्याला झेपत नाही, तुम्ही सोबत जा. पुढच्या मुलांचे व्हॅलिडिटीचे प्रस्ताव अकरावी-बारावीतच टाका. स्कॉलरशिपचा फॉर्म महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी आदिवासी विभागाची ‘स्वयम्’ योजना आहे.

इंग्रजीचं म्हणाल तर ॲनाटॉमीचं पुस्तक सुरुवातीला सगळ्यांनाच रडवतं. मी ट्यूटर होते तेव्हा पुण्याच्या मुलीही रडायच्या. उलट या मुलीकडे कोरकू बोली आहे, ती कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. बाळंतिणीला नवऱ्यामार्फत मराठीत विचारलं की उत्तर येतं, ‘बरं आहे.’ तिच्या बोलीत विचारलं की अंगावरून किती जातंय, कधीपासून, सगळं सांगते. तान्ह्याचं पोट फुगलं की भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, नेऊन चटके देतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! तिथं बाहेरची सिस्टर ओरडली तर घरचे बाळाला लपवतात. घरातलीच पोर ‘आधी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) चला’ म्हणाली तर निदान ऐकून घेतात.

आता एक करा. लसीकरणाच्या दिवशी तिला वडिलांसकट उपकेंद्रावर न्या. सिस्टरची परवानगी घेऊन लसीची कुपी जवळून दाखवा. लस उष्णतेनं खराब झाली का, हे कळायला लेबलवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तरच लस द्यायची. दोन्ही एकाच रंगाचे झाले की कुपी बाद. हे तिलाच वडिलांना समजावू द्या. मुलगी नेमकं काय काम करणार हे बापाला दिसलं की परगावी पाठवायची धास्ती जरा कमी होते. कॉलेजला हॉस्टेल असतं, हेही तेव्हाच सांगा.

आणि नववी-दहावीचे मुलगेही बरोबर न्या. जीएनएमला मुलगे चालतात, हे तुमच्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.