मंथली लेन्स संध्याकाळी चुरचुरते, डेली घेतली तर फरक पडेल का?

मंथली (महिनाभर वापरायची) लेन्स सकाळी घातल्याचंही कळत नाही आणि सहा वाजले की डोळे चुरचुरायला लागतात, असं तुम्ही लिहिलंय. माझा नंबर उणे पाच, चौदा वर्षं लेन्स लावतोय आणि चार प्रकार वापरून झालेत.

दुकानात घालून पाच मिनिटांत 'छान आहे' म्हणण्यावर जाऊ नका. सॉफ्ट लेन्स तेव्हा छानच वाटते. खरा निकाल दहाव्या तासाला, एसीत, स्क्रीनसमोर लागतो, कारण स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो.

कॉलेजात स्वस्त म्हणून वर्षभराची लेन्स घेतली होती. सहा महिन्यांत तिच्यावर अश्रूंतल्या प्रथिनांचं कीट चढलं आणि पापणीच्या आतून खाज सुटायची. ते दिवस नकोत. मग सिलिकॉन हायड्रोजेलची मंथली घेतली. हिच्यातून प्राणवायू बराच जास्त जातो, त्यामुळे रात्रीचा लालपणा गेला. सुरुवातीला जरा ताठ वाटली, एवढंच.

पण तिसऱ्या आठवड्यात चुरचुर व्हायचीच. दोष निघाला सोल्युशनचा, म्हणजे लेन्स ज्यात साफ करून ठेवतात त्या द्रावणाचा! डॉक्टरांनी हायड्रोजन पेरॉक्साइडवालं दिलं आणि निम्मी तक्रार गेली. मात्र लेन्स त्याच्याच खास डबीत किमान ६ तास ठेवावी लागते, ते थेट डोळ्यात गेलं तर आग होते. एकदा झोपेत मी तो पराक्रम केलाय, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आणखी एक फसगत म्हणजे खोक्यावर लिहिलेला लेन्समधल्या पाण्याचा टक्का. ५८ टक्के वाचून मी खूश झालो होतो. पण साध्या (सिलिकॉन नसलेल्या) हायड्रोजेलमध्ये पाणी जास्त म्हणजे ते उडून जायलाही जास्त. एसीत ३८ टक्क्यांची लेन्स मला तिच्यापेक्षा बरी गेली.

सेमी-सॉफ्टचं (आरजीपी, म्हणजे प्राणवायू जाऊ देणारी कडक लेन्स) म्हणाल, तर पहिल्या दिवशी डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटतं. दोन आठवड्यांत सवय झाली आणि इतकं स्वच्छ मला इतर कशातूनच दिसलं नाही. पण मी पडलो दुचाकीवाला. धुळीचा कण आत शिरला की गाडी बाजूला घेऊन रडत बसायचं. सोडली.

आता डेली, म्हणजे एक दिवस घालून टाकून द्यायची. माझ्या डोळ्यांना सगळ्यात सुखाची हीच: रोज कोरी, सोल्युशनची भानगड नाही. महाग आहे, म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवसच घालतो, बाकी चष्मा. तुम्हाला रोज बारा तास लागत असेल तर खर्चाचा हिशेब आधी करा.

तेव्हा फरक पडेल, पण आधी सोल्युशन बदलून पाहा, ते स्वस्तात होतं. मग डॉक्टरांकडून डेलीची ट्रायल जोडी घ्या आणि डोळे किती वाजता जाणवायला लागले ते लिहून ठेवा. डोळा लाल होऊन दुखला किंवा अंधुक दिसलं, तर मात्र लेन्स काढून सरळ डॉक्टर गाठा.

आणि खोक्यावर 'बीसी' (बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई) किती आहे? ८.४ आणि ८.८ मध्येही फिटिंग बदलतं. सैल लेन्स प्रत्येक पापणीबरोबर सरकते, मग ती डेली असो की मंथली.