ब्रुनोचं भुंकणं आणि नकोशी झालेली शेवपुरी

प्रश्न : आमचा ब्रुनो जेवणाच्या वेळी टेबलाशी बसून भुंकतो. महिनाभर त्याला ताटातलं काही दिलेलं नाही (सासरे कधीमधी पोळीचा तुकडा टाकतात तेवढाच). तरी भुंकणं वाढतच चाललंय. – एक वाचक, दादर

उत्तर : उत्तर तुमच्या कंसातच आहे. रोज तुकडा मिळणाऱ्या कुत्र्याचा तुकडा बंद झाला की तो लवकर नाद सोडतो. कधीतरीच आणि कधी ते न कळता मिळत असेल, तर मात्र हटत नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर-कबुतरांवर हे वर्षानुवर्षं मोजलं. बक्षिसाला नेम नसला की सवय सर्वांत चिवट होते. लॉटरीचं तिकीट याच जोरावर खपतं.

सासऱ्यांनी ऐकलं, तरी पहिले काही दिवस आणखी वाईट जातील. दांडा दाबून खाऊ मिळवायला शिकलेल्या उंदराचा खाऊ थांबवला, की तो आधी दांडा जोरजोरात दाबतो, मग हळूहळू सोडतो. (स्किनरना अशा ओसरण्याचा पहिला आलेख योगायोगानेच मिळाला, खाऊ टाकणारं यंत्र अडकलं होतं.) ब्रुनोही आधी बिल्डिंग डोक्यावर घेईल. शेजारी बेल वाजवतील. नेमक्या त्या क्षणी ‘घे बाबा एकदाचं’ म्हणून तुकडा टाकलात, तर इतकं भुंकलं की मिळतं, एवढंच तो शिकेल. त्यापेक्षा जेवायच्या वेळी त्याला चटईवर गप्प बसायला शिकवा आणि खाऊ तिथेच, सुरुवातीला दर वेळी द्या. हे काम सासऱ्यांवरच सोपवा. तुकडा टाकायची त्यांची हौसही भागेल.

प्रश्न : स्टेशनबाहेर शेवपुरी खाल्ली आणि रात्री उलट्या झाल्या. शेवपुरी न खाल्लेल्या मुलालाही तेच झालं. डॉक्टर म्हणाले, साथ आहे. पण अजून चिंचेच्या चटणीच्या वासानेच मला ढवळतं. हे मनाचे खेळ का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : खेळ नव्हेत. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांना नुसत्या आवाजाने लाळ सुटावी म्हणून आवाज आणि अन्न यांची सांगड पुन्हा पुन्हा, लागोपाठ घालावी लागे. चवीला एकदाच पुरतं, मध्ये काही तास गेले तरीही. १९६६ साली जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी उंदरांना गोड पाणी दिलं. पिताना दिवाही लागे, आवाजही होई. नंतर ज्यांना आजारी पाडलं ते गोड चव टाळू लागले, दिवा-आवाज नाही. ज्यांना विजेचा झटका दिला त्यांचं नेमकं उलट. म्हणजे पोट बिघडलं की शरीर संशय घेतं तो चवीचाच. त्या दिवशी गर्दी, लोकल, फलाट सगळं होतं, पण आळ आला शेवपुरीवर. डॉक्टरांचं म्हणणं तुम्हाला पटलंय, जिभेला नाही.

गाडीवाला बिचारा निर्दोष. घरी, चांगली भूक लागलेली असताना आधी नुसती शेव-पुरी खा. चटणी काही दिवसांनी, थेंबभर. जबरदस्ती नको. पुन्हा मळमळलं तर केलेलं फुकट जातं.

प्रश्न : नातवाला गोष्टीच्या पुस्तकाच्या दर पानामागे पाच रुपये देते. बरोबर आहे का? – एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, त्याला मुळात वाचायची हौस असेल तर आजच थांबवा. अमेरिकेत १९७३ साली छापलेल्या एका प्रयोगात, चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना चित्र काढण्याबद्दल बक्षीस आधीच कबूल केलं; पुढे त्यांचं आपणहून चित्र काढणं रोडावलं. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं नाही. पुस्तक संपलं की चौपाटीवर न्या, पण आधी बोलू नका.

प्रश्न : दहावीतली मुलगी इतिहासाचा धडा चारचारदा वाचते, ‘येतंय गं आई’ म्हणते आणि प्रिलिमला काहीच आठवत नाही. – एक आई, मुलुंड

उत्तर : चौथ्या वाचनात धडा ओळखीचा वाटतो, आणि तिथेच फसगत होते. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते : ८१ टक्के आठवलं, न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने पारडं फिरलं : ४२ विरुद्ध ५६. तेव्हा एकदा वाचून पुस्तक मिटायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवायचं, मग पडताळायचं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. पहिल्यांदा अर्धा कागद रिकामा राहील आणि ती वैतागेल. ‘बघ, म्हटलं होतं ना’ एवढं मात्र तेव्हा तोंडातून काढू नका.