मुदत ठेव मोडण्यापूर्वी एसीचे निदान करून घ्या

आपली गाडी आठ वर्षांची आहे, गेली तीन वर्षे उन्हाळ्याच्या तोंडावर एसीत गॅस भरावा लागतो आणि आता कॉम्प्रेसरच (गॅस दाबून यंत्रणेत फिरवणारा पंप) बदलावा लागेल असे गॅरेजने सांगितले आहे, असे आपण लिहिता. मुदत ठेव मोडून हा खर्च करावा की यंदाही गॅस भरून भागवावे, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते आज यांपैकी काहीच करू नये. पहिला खर्च फक्त निदानावर करावा.

एसीची यंत्रणा बंदिस्त असते आणि तिच्यातला गॅस वापरून संपत नाही, त्यामुळे तो दरवर्षी कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहेच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेलही थोडेथोडे बाहेर पडते. म्हणजे स्वस्त वाटणारे ते दरवर्षीचे गॅस भरणेच कदाचित कॉम्प्रेसरला आजच्या अवस्थेला घेऊन आले असेल, आणि गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही त्याच वाटेने जाईल. ठेव मोडून केलेला खर्च असा वाया जावा, हे मला पाहवणार नाही.

निदान म्हणजे नुसता हात लावून थंडावा पाहणे नव्हे. यंत्रणेच्या कमी दाबाच्या आणि जास्त दाबाच्या, अशा दोन्ही बाजूंचे दाब गेजवर (दाबमापकावर) मोजायला सांगा. दोन्ही कमी असतील तर बहुधा गॅस कमी आहे. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची उतरलेली असेल, तर कॉम्प्रेसरवरचा संशय रास्त ठरतो. गळती नायट्रोजनचा दाब देऊन किंवा अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग सोडून शोधतात. केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) आणि कंडेन्सरचा (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचा) पंखा आधी पाहून घ्यावा, कारण त्यांतले दोष किरकोळ खर्चात सुटतात. सापडलेला दोष, मोजलेले दाब आणि सुट्या भागांचा व मजुरीचा वेगवेगळा अंदाज लेखी घ्या, आणि रक्कम मोठी असेल तर तो कागद दुसऱ्या गॅरेजलाही दाखवा.

कॉम्प्रेसर खरोखरच गेला असेल, तर काम अर्धवट करू नका. आतून धातूचा कीस सुटला असल्यास नळ्या धुणे, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) व एक्सपान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी झडप) बदलणे आणि गॅस भरण्यापूर्वी पुरेसा वेळ व्हॅक्यूम करणे (आतली हवा व ओलावा खेचून काढणे) आवश्यक असते. हे टाळून कमी केलेले बिल खरी बचत नव्हे. कूलिंग कॉइल (केबिनची हवा थंड करणारा भाग) गळत असेल तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीचा आकडा पाहून दचकू नका.

त्यानंतर एकूण खर्चाला, गाडी आणखी जितकी वर्षे ठेवणार आहात त्या वर्षांनी भागा. आपण चार वर्षे म्हणता, म्हणून पूर्ण दुरुस्ती मला योग्य वाटते. गाडी वर्षभरात विकायची असती तर मी नको म्हटले असते, कारण विक्रीच्या किमतीत हा खर्च क्वचितच पूर्ण वसूल होतो. पैसे आकस्मिक निधीतून घ्या आणि पुढच्या काही महिन्यांत ती रक्कम परत भरा. निधी अपुरा पडला तरच ठेवीला हात लावा, आणि त्याआधी मुदतपूर्व मोडल्यास किती व्याज बुडते ते बँकेकडून लेखी विचारून घ्या.