त्वचेचं कॉम्प्युटर मॉडेल सुरू करतोयस, तर आधी हे वाच

अरे, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी तळहात उलटा कर नि मागची कातडी चिमटीत धरून ओढ, आधी सहज येते आणि मग एकदम अडते. सुरुवातीला कोलाजेनचे तंतू नागमोडी पडलेले असतात, ते सरळ झाले की भार घ्यायला लागतात, म्हणून एकच यंग्ज मॉड्युलस (ताठरपणाचा ठरावीक आकडा) टाकून भागत नाही, हायपरइलास्टिक मॉडेलच घ्यावं लागतं, म्हणजे ताणाबरोबर ताठरपणा बदलणारं. त्यातल्या ऑग्डेन मॉडेलपासून सुरू कर, तंतूंची दिशा धरायची असेल तेव्हा गॅसर-ऑग्डेन-होल्झॅपफेल (२००६).

आणि दिशा लागणारच! लँगर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये मृतदेहांवर गोल टोच्याने भोकं पाडली तर ती लांबट झाली, म्हणजे कातडी शरीरावर आधीच ताणलेली असते. हा आधीचा ताण माझ्याकडून पहिल्या मॉडेलमध्ये राहून गेला, टाके घातलेली जखम स्क्रीनवर इतकी आरामात मिटली की मला खरंच वाटलं जमलं, दोन महिने गेले त्यात.

सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, बहुतेक ठिकाणी जेमतेम १०-२० मायक्रोमीटर, पण वगळू नकोस. कोरडा असताना कडक, ओला झाला की पार मऊ, अगदी सादळलेल्या पापडासारखा, त्यामुळे सुरकुत्या किंवा घर्षण बघत असशील तर आर्द्रता किती धरलीस ते लिहूनच ठेव.

त्वचा जवळपास असंपीड्य आहे, म्हणजे दाबली तरी आकारमान बदलत नाही, त्यामुळे साधे एलिमेंट (मॉडेलचे छोटे तुकडे) लॉक होतात, खोटे ताठर वागतात, हायब्रिड एलिमेंट वापर. फेबायो (FEBio) हे अशा मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर संशोधनासाठी फुकट मिळतं, त्यात एक चौकोनी तुकडा दोन्ही दिशांनी ओढून बघ, मग चेहऱ्याकडे वळ.