अमेरिकी ग्राहक आणि विम्याची अट

प्रश्न : पुण्यात आमची २० जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. अमेरिकी ग्राहकाने करारात प्रोफेशनल इंडेम्निटी विम्याची (आपल्या कामातल्या चुकीमुळे येणाऱ्या भरपाईच्या दाव्यांसाठीचा विमा) अट घातली आहे. पॉलिसीत काय पाहावे?

उत्तर : आधी न्यायक्षेत्राचे कलम वाचा. तिथे फक्त भारत असेल, तर अमेरिकेत दाखल झालेल्या दाव्यावर पैसे मिळणार नाहीत. हप्ता वाढला तरी 'अमेरिका-कॅनडासह जगभर' असेच लिहून घ्या.

या पॉलिसीत चूक कधी झाली याइतकेच दावा कधी आला हे महत्त्वाचे. म्हणून रेट्रोॲक्टिव्ह तारीख (जिच्या आधीच्या कामातल्या चुका पॉलिसीत धरत नाहीत ती) शक्य तितकी मागची मागा. नूतनीकरण चुकले तर जुन्या कामाचे संरक्षणही जाऊ शकते. वकिलांचा खर्च बहुधा विमा रकमेतूनच वजा होतो. अमेरिकेत तो फार असतो, त्यामुळे रक्कम बेताची ठेवू नका. उशिराबद्दल करारात कबूल केलेला दंड सहसा वगळलेला असतो. डेटाचोरीसाठी सायबर विमा वेगळा विचारा.