एनपीएसमधले (नॅशनल पेन्शन सिस्टिम, ज्यात पगारातून पैसे कापून सरकारच्या वाट्यासह गुंतवले जातात) जिल्हा न्यायाधीश हायकोर्टात जज झाले तर पूर्ण पेन्शन मिळते का?

हो, मिळते, आणि वकिलीतून थेट जज झालेल्यांइतकीच. सुप्रीम कोर्टाने 19 मे 2025 ला निकाल दिलाय, मी तो वाचलाय, त्यात स्पष्ट आहे की कधी रिटायर झाले, कुठून आले, अ‍ॅडिशनल होते की पर्मनंट हे काही बघायचं नाही, सगळ्यांना मूळ पेन्शन वर्षाला 13.50 लाख म्हणजे महिन्याला 1,12,500, आणि चीफ जस्टिस असतील तर वर्षाला 15 लाख. एनपीएसमध्ये स्वतःचे कापले गेलेले पैसे त्यावरच्या कमाईसकट परत मिळतात, सरकारचा वाटा मात्र सरकारकडेच जातो. आधी त्याच बेंचवर बसलेल्यांना वेगवेगळी पेन्शन मिळायची, तो अन्यायच होता. फक्त हे हायकोर्टाच्या जजांपुरतं आहे, जिल्हा कोर्टातूनच रिटायर झालेल्यांना या निकालाने ही रक्कम मिळत नाही.