डॉक्टरच्या कमरेला पिस्तूल कशाला?

प्रश्न : सैन्यातल्या डॉक्टरला लढायचं नसतं, मग तो पिस्तूल का बाळगतो? त्यामुळे त्याला मिळणारं संरक्षण, म्हणजे शत्रूनं त्याच्यावर हल्ला करायचा नाही हा नियम, जात नाही का?

उत्तर : जात नाही. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा करारातलं (रणांगणावरच्या जखमी आणि आजारी सैनिकांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) 22 वं कलम स्वतःच्या आणि आपल्याकडच्या जखमींच्या बचावासाठी शस्त्र वापरू देतं. लुटारू आले, कुणी बेभान सैनिक जखमींवर धावून आला, तर गोळी झाडता येते. मात्र ताबा घ्यायला आलेल्या शत्रूच्या तुकडीला अडवण्यासाठी गोळीबार केला, की डॉक्टरही लढणाऱ्यांत जमा. जखमींच्या अंगावरून उतरवलेल्या रायफली कोपऱ्यात पडल्या असतील तर बिघडत नाही. त्या जमा करायच्या राहिल्यात, इतकंच. घात होतो तो रुग्णवाहिकेत. स्ट्रेचरखाली रिकामी जागा दिसते आणि कुणीतरी तिथे दारूगोळ्याची पेटी सरकवतं. अशी एक गाडी पकडली गेली की त्या भागातल्या प्रत्येक रुग्णवाहिकेवर संशय येतो.

प्रश्न : दंडावर लाल क्रॉसची पट्टी बांधली की झालं?

उत्तर : नुसती पट्टी पुरत नाही. ती डाव्या दंडावर हवी, पाण्यानं खराब न होणारी हवी आणि तिच्यावर लष्कराचा शिक्का हवा. सोबत खिशात मावेल असं ओळखपत्र : नाव, जन्मतारीख, हुद्दा, सेवा क्रमांक, फोटो आणि सही किंवा बोटांचे ठसे. त्याची दुसरी प्रत मायदेशी राहते. पकडणाऱ्याला पट्टी किंवा ओळखपत्र काढून घेता येत नाही.

प्रश्न : असे लोक पकडले गेले तर युद्धकैदी ठरतात का?

उत्तर : कायम वैद्यकीय काम करणारे आणि सैन्यातले धर्मगुरू ठरत नाहीत. कैद्यांच्या देखभालीला लागतील तेवढेच ठेवून घ्यायचे. त्यांना युद्धकैद्यांच्या सोयी तरी मिळायलाच हव्यात आणि दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही. बाकीच्यांना, वाट मोकळी होताच, त्यांच्या स्वतःच्या उपकरणांसह परत धाडायचं.

एरवी बंदूक घेऊन लढणारा, पण गरजेला स्ट्रेचर उचलायचं शिक्षण घेतलेला शिपाई मात्र वेगळा. त्याच्या पांढऱ्या पट्टीवरचं चिन्ह लहान असतं, ती फक्त ते काम करताना बांधायची, आणि संरक्षणही तेवढ्या वेळापुरतंच. तो पकडला गेला तर युद्धकैदीच. गरज पडली तर छावणीत त्याला जखमींच्या सेवेला लावतात.